खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यातल्या घरगुती व्यायामावर लेख आला होता. लेखाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या डोक्यावर छापलेल्या फोटोची. फोटोत एक तरुणी ट्रेडमिलवर पळते आहे. मशीनची शेपटी मागच्या पुस्तकांच्या कपाटाला जवळजवळ टेकली आहे. मशीन बंद करणाऱ्या लाल चावीची दोरी नीट गुंडाळून हँडलला अडकवलेली, म्हणजे त्या मुलीच्या अंगाशी तिचा काही संबंध नाही. आणि मागच्या रोलरपासून हातभर अंतरावर एक लहान मूल सतरंजीवर बसून ठोकळे रचतंय. फोटो बहुधा विकतचा असणार. पण तो बघून माझ्या पोटात गोळा आला. कारण ते मूल वगळलं तर हुबेहूब असंच मशीन गेल्या पावसाळ्यात आमच्या हॉलमध्ये होतं, आणि ते तसं मांडून घेणारा मीच होतो.

मी ३४ वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत मेंटेनन्स फिटर होतो. त्याआधी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये लेथवर उमेदवारी केली. तिथला पहिला धडा मापाचा नव्हता, चावीचा होता. चकमधून, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्यातून, हात निघाला की तो आवळायची चावीही निघाली पाहिजे. चावी तशीच ठेवून मशीन सुरू केलं तर ती गोळीसारखी सुटते आणि समोरच्याचं थोबाड फोडते. आमचे मिस्त्री चकमध्ये विसरलेली चावी दिसली की ती काढून त्याच चावीने टाळक्यात हळूच टपली द्यायचे. पुढे फौंड्रीत वाळूचा कन्व्हेअर माझ्याकडे आला. त्याच्या टेल पुलीला, म्हणजे मागच्या टोकाला पट्टा वळवणाऱ्या चाकाला, जाळी, दोन्ही बाजूंनी पट्ट्याच्या लांबीइतकी ओढायची दोरी. कुठूनही दोरी ओढली की पट्टा जाग्यावर थांबणार. जाळी काढून पट्टा चालवलेला दिसला तर मी सुपरवायझरलाही बोलायला कमी करत नसे.

आणि हाच माणूस निवृत्त झाल्यावर घरात बिनजाळीचा कन्व्हेअर आणून त्यावर बायकोला चालायला लावतो.

झालं असं. सौ.चं रोजचं फिरणं रंकाळ्यावर. पण जुलैत पंचगंगा पात्राबाहेर पडली, आठ दिवस पावसानं उघडीप दिली नाही, तिची साखर वाढली. मुलाने पुण्याहून परस्पर ट्रेडमिल पाठवून दिला. जोडणीला आलेला पोरगा चुणचुणीत होता. "काका, हितंच बरं, टीव्ही समोर येतोय," म्हणाला. मशीनच्या मागे कपाट, मध्ये जेमतेम १४ इंच. जाताना म्हणाला, "चावी लावूनच ठेवा, हरवली तर लवकर मिळत नाही." मी मान डोलावली. चहा पाजला, कागदावर सही केली.

चौथ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत दाढी करत होतो. सौ. ताशी ५ किलोमीटरवर चालत होती. टीपॉयवरचा फोन वाजला, गडहिंग्लजहून तिच्या बहिणीचा. तिने मान वळवली, तेवढंच. ताशी ५ किलोमीटर म्हणजे पट्टा सेकंदाला साडेचार फूट मागे जातो. हा हिशेब मी नंतर केला. मान वळवून परत पुढे बघेपर्यंत पायाखालून दोन-तीन फूट जमीन निघून गेलेली असते. ती गुडघ्यांवर आली आणि पट्ट्याने तिला मागे नेऊन कपाटावर आदळलं. मागे जागा असती तर ती फरशीवर फेकली गेली असती, मुका मार लागला असता, विषय संपला असता. पण कपाटामुळे ती तिथंच अडकली, आणि पट्टा तिच्या गुडघ्यांखालून आणि डाव्या हाताखालून फिरतच राहिला.

तोंडाला साबण तसाच घेऊन मी धावलो. समोर हाताच्या पंजाएवढं लाल बटण होतं. ते मला दिसलंच नाही. मी वाकून प्लग ओढला. ३४ वर्षं दुसऱ्यांना इमर्जन्सी स्विच दाखवणारा मी!

शेजारच्या वहिनी हळद घेऊन आल्या, कोणी टूथपेस्ट सुचवली. सुदैवाने सौ.चा स्वतःचाच आग्रह की आधी नळाखाली हात धरायचा. वीस मिनिटं गार पाण्याखाली हात धरला, मग दवाखाना. डॉक्टर म्हणाले, "काकू, हे खरचटलेलं समजू नका, हा भाजल्याचाच प्रकार आहे." पट्ट्याचा चटका मला कारखान्यात माहीत होता. घरात तो ओळखला नाही. हात बरा व्हायला तीन आठवडे गेले. खालच्या मजल्यावरच्या पोरांनी यावर "काका, खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी" असा विनोदही करून घेतला. सौ.ने जाहीर केलं, "पावसात भिजलो तर भिजलो, मी रंकाळ्यालाच जातो. ह्याच्यावर काय आता चढायचो नाही."

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. ट्रेडमिलच्या मागे किती फूट मोकळे हवेत, हे मात्र मला साठीत, बायको पडल्यावर, माहितीपुस्तिका उघडून कळलं. साडेसहा फूट. दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट. मी टेप धरला. मशीन पावणेसहा फूट, मागे साडेसहा, म्हणजे सव्वाबारा. आमचा हॉल १४ बाय १०. याचा अर्थ मशीन लांबीच्याच दिशेने बसतं, आणि तसं बसवलं की टीव्ही पाठीमागे जातो. दुकानात कोणी विचारलं नव्हतं की हॉल केवढा आहे. मोटर किती हॉर्सपॉवरची, हे मात्र तीनदा सांगितलं, आणि तोही क्षणभर निघणारा जास्तीत जास्त आकडा. सतत किती निघते ते बारीक अक्षरात.

मागची बाजू एवढी मोकळी का, हे मशीनकडे कारागिराच्या नजरेनं पाहिलं की समजतं. पट्टा वरून मागे येतो, मागच्या रोलरवरून खाली वळतो आणि पोटाखालून पुढे जातो. म्हणजे मागे जे असेल ते खाली ओढलं जाणार. चेंडू, सतरंजीचं टोक, मांजर, पोराचा हात. अमेरिकेत मे २०२१ मध्ये एका कंपनीला आपल्या एका मॉडेलची सुमारे १,२५,००० मशीनं याच कारणासाठी परत मागवावी लागली. ७० हून अधिक घटनांची नोंद होती, ६ वर्षांचं एक मूल त्यात गेलं. म्हणून आपल्या फोटोतल्या त्या ठोकळे रचणाऱ्या मुलाकडे मला बघवेना.

चावीचं सांगतो. त्या चावीच्या टोकाला लोहचुंबक असतो, ती निघाली की पट्टा थांबतो. दोरीच्या दुसऱ्या टोकाचा चिमटा अंगावरच्या कपड्याला लावायचा. माणूस मागे गेला की चावी आपोआप ओढली जाते. आमच्या कन्व्हेअरच्या दोरीचीच ही धाकटी बहीण. ती चिमट्यासकट हँडलला गुंडाळून ठेवणं म्हणजे हेल्मेट आरशाला अडकवून गाडी चालवणं. आणि व्यायाम संपला की चावी काढून पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. लेथचा नियम इथे अक्षरशः लागू आहे. चावी लावून ठेवा, हा त्या पोराचा सल्ला मी ऐकला याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आता जोडणीच्या इतर गोष्टी, थोडक्यात. आधी मशीन टीव्हीच्या बोर्डातून एक्स्टेंशनवर चालत होतं. प्लग हाताला गरम लागायचा. वायरमनकडून स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट ओढून घेतला आणि अर्थिंग तपासून घेतलं. घरच्या इन्व्हर्टरवर हे चालवू नये. चालताना लाईट गेली तर पट्टा अचानक मंदावतो किंवा थांबतो, अशा वेळी हँडल धरायचं, उडी मारायची नाही. आमची फरशी मोरीकडे उतरती आहे, त्यामुळे मशीन डुगडुगत होतं. पाणसळ ठेवून मागचे पाय फिरवले. पट्टा डावीकडे सरकत होता. त्यासाठी पट्टा सावकाश चालू ठेवून अॅलन कीने मागचा डावा बोल्ट उजवीकडे पाव आटा फिरवायचा, आणि मिनिटभर वाट बघायची. पाव आटाच. आमच्या लोकांना जोर लावायची सवय असते. पट्टा ताणला की रोलरचं बेअरिंग जातं.

तेलाचं एक कबूल करतो. उद्यमनगरचा माणूस, घरात ६८ नंबरच्या ऑइलचा डबा पडलेला. पट्ट्याखाली सोडायला मी झाकण उघडलंही होतं. पुस्तिकेत वाचलं की फक्त सिलिकॉनचं तेल, तेही फळी आणि पट्टा यांच्या मध्ये. खनिज तेलानं पट्टा खराब होतो. काही मशीनना तर तेल लागतच नाही. खोबरेल सोडणारे एक गृहस्थ आमच्याच कॉलनीत आहेत. त्यांचा पट्टा आता पायापेक्षा जास्त घसरतो. आणि पट्टा सरळ करणं सोडलं तर यातलं काहीही मशीनला हात घालून करायचं असेल तेव्हा प्लग आधी काढायचा.

एक अडचण आपल्या घरांची खास आहे. बुटांची. हॉलमध्ये देव्हारा, मग घरात बूट कसे घालणार? सौ. अनवाणी चालत होती. अनवाणी पायाला पट्टा तापतो, बोटं कडेला घासतात. साखर असलेल्या माणसानं तर पायाला जखम होऊच देऊ नये. शेवटी एक नवा जोड आणला, जो उंबऱ्याबाहेर गेलेलाच नाही. मशीनशेजारी स्टूल आहे. त्यावर बसून घालायचा, तिथंच काढायचा. देवाचीही हरकत दिसत नाही. साडी आणि ओढणी मात्र नको, पंजाबी ड्रेस चालतो.

हात बरा झाल्यावर सौ. पुन्हा चढली, पण आधी डॉक्टरांनी टीएमटी, म्हणजे चालवून घेतलेली हृदयाची तपासणी, करून घेतली. मी बाहेरच्या बाकावर बसून दाराच्या फटीतून बघत होतो. तिथंही ट्रेडमिलच. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर, १० टक्के चढ, दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढणार. छातीला वायरी, दंडाला बीपीचा पट्टा, शेजारी डॉक्टर, समोर ईसीजी. आणि आमच्या वरच्या मजल्यावरचा पोरगा पहिल्या दिवशी थेट १० वर पळायला लागतो! तालमीत वस्तादाच्या नजरेशिवाय नवं पोर हौद्यात उतरत नाही. या मशीनला वस्ताद नाही, तेवढं लक्षात ठेवावं.

तिचा आताचा क्रम असा. पट्टा थांबलेला असताना दोन्ही पाय कडेच्या पट्ट्यांवर. चिमटा कुडत्याला. मग खटका. पट्टा गोगलगायीसारखा सरकायला लागला की हँडल धरून पाय ठेवायचा. पहिली ५ मिनिटं ३ च्या वेगावर, मग ४ ते साडेचार, शेवटची ५ मिनिटं पुन्हा खाली. एकदम उतरलं की जमीन चालते आहे असं वाटून भोवंडतं, म्हणून ही उतरण. जम बसल्यावर हँडल सोडून द्यायचं. त्यावर रेलून चाललं तर मेहनत हँडल करतं आणि पाठ वाकडी होते. रोज अर्धा तास, आठवड्यातून ५ दिवस, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेली १५० मिनिटं भरतात. उपाशीपोटी चढत नाही, खिशात दोन पेपरमिंट असतात. फोन आतल्या खोलीत.

मीही चढतो. माझ्या बीपीच्या गोळीत बीटा ब्लॉकर आहे. त्यानं नाडी दबून राहते, त्यामुळे हँडलवरच्या ठोक्यांच्या आकड्यावर मी विसंबत नाही. चालता चालता सौ.शी बोलता येतंय तोवर वेग बरोबर. दम लागून वाक्य तुटलं की कमी करायचा. छातीत किंवा जबड्यात काही वेगळं वाटलं तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

विक्रेत्यांना माझी एकच विनंती आहे. डिलिव्हरीच्या कागदावर सही घेण्याआधी तुमच्या पोराने घरातल्या प्रत्येकाला एकदा मशीनवर उभं करून, पट्टा चालू असताना, चावी ओढून दाखवावी. दोन मिनिटांचं काम आहे. सोबत टेप असावा. मागे साडेसहा फूट निघत नसतील तर ग्राहकाला तोंडावर सांगावं, भले मशीन परत न्यावं लागो.

आणि आपल्याला विनंती, पुढच्या वेळी असा लेख आला तर तो विकतचा फोटो छापू नका. आमच्या मशीनचा फोटो मी सोबत पाठवतो आहे, हवा तर वापरा. मागे कपाट नाही, चावी सौ.च्या कुडत्याला आहे, पायात बूट आहेत. टीव्ही मात्र तिच्या पाठीमागे गेला आहे, आणि मालिका नुसती ऐकावी लागते म्हणून घरात अजून रोज कुरबुर चालू आहे.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स फिटर
संभाजीनगर, कोल्हापूर
(नाव व पत्ता वेगळ्या चिठ्ठीत दिला आहे, कृपया छापू नये.)