अ‍ॅक्सल बदलला, ब्रेकचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या लो-बोनेट जीप नव्याने बांधणाऱ्या पोरांवरचा लेख वाचला. फोटो झकास होते. इंजिन कुठलं, टायर किती इंची, विंच किती ताकदीची, अ‍ॅक्सल कुठल्या गाडीचे, सगळं त्यात आलं होतं. हा एवढा ऐवज थांबतो कशाने, यावर मात्र एक ओळ नव्हती. मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथ चालवतो. या गाड्यांचे कॅलिपरचे (डिस्क ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) ब्रॅकेट, हबच्या रिंगा, स्पेसर अशी कामं माझ्याकडे येतात, म्हणून हे लिहितोय.

पोरगं पुठ्ठ्याचा साचा कापून आणतं आणि म्हणतं, "मामा, निस्ती प्लेट करून द्या, बाकी आम्ही बघतो." मूळ जीपला चारही चाकांना ड्रम. आता पुढे नव्या गाडीचा डिस्कवाला अ‍ॅक्सल घातलेला, मागे दुसऱ्याच गाडीचा जाड ड्रमवाला. प्लेट करणं अवघड नाही. जाड पत्रा, नेमकी भोकं, १०.९ ग्रेडचे बोल्ट, कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर, आणि डायल लावून डिस्क ०.१ मिमीपेक्षा जास्त आउट फिरत नाही एवढं बघायचं. पण पायाचा जोर ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या सिलिंडरबद्दल मी विचारतो, "मास्टर सिलिंडर कुठला?" तर उत्तर येतं, "जुनाच आहे की. चालतोय."

चालतोय म्हणजे पॅडल दाबलं की गाडी गॅरेजच्या दारात थांबते, इतकंच.

जुन्या जीपचा मास्टर फ्लोअरखाली चासीला बसवलेला असतो आणि त्याचं सर्किट एकच. एक होज (रबरी नळी) फुटला की चारही चाकं मोकळी. हा धोका मूळ गाडीतही होता, पण मूळ गाडीला ना एवढे टायर होते, ना एवढा वेग. त्यात ड्रमसाठीच्या मास्टरच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाय काढला तरी तो पाइपात साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरचे कप भिंतीला घट्ट राहतात आणि हवा आत शिरत नाही. ड्रममध्ये लायनर मागे ओढायला स्प्रिंग असते, त्यामुळे एवढ्या दाबाने काही बिघडत नाही. डिस्कला अशी स्प्रिंग नसते. तोच दाब पॅडला डिस्कवर घासत ठेवतो, डिस्क तापते, ऑइल तापतं. व्हॉल्व्ह सरळ काढून टाकला तर दुसरी भानगड. मास्टर कॅलिपरपेक्षा खाली असल्याने ऑइल मागे उतरतं आणि पहिल्या दाबाला पॅडल थेट फ्लोअरवर. डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लागतो, ड्रमच्या लाइनला १०चा. त्यासाठी आधी दोन लाइनी वेगळ्या हव्यात, म्हणजे टँडेम (दोन वेगळ्या सर्किटचा) मास्टर आलाच.

मग बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा, हिशेब. कॅलिपरचा पिस्टन ५४ मिमीचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे २३ चौरस सेंमी भरतं. एक इंच बोअरच्या मास्टरचं जेमतेम पाच. पाऊण इंची मास्टर घातला तर त्याच पायाच्या जोरात दाब पावणेदोन पटींहून थोडा जास्त मिळतो, पण तेवढंच ऑइल ढकलायला पॅडल पावणेदोन पट खाली जावं लागतं. मोठा बोअर घेतला की पॅडल दगडासारखं होतं. दोन्हीकडून फुकट काही मिळत नाही. शिवाय ड्रममधला पुढचा लायनर फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो आणि पायाला मदत करतो. डिस्कमध्ये ती मदत नाही, म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर हवा. बूस्टरला व्हॅक्यूम हवा, आणि डिझेल इंजिन पेट्रोलसारखं व्हॅक्यूम देत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवर असतो. स्वस्तातला साधा अल्टरनेटर बसवला की बूस्टर नुसता शोभेचा डबा. असा डबा लावलेल्या गाड्या माझ्या दारात येऊन गेल्यात.

टायरचं कुणी बोलतच नाही. जुन्या जीपचा ६.००-१६ टायर साधारण २८ इंच उंच. त्या जागी ३३ इंची घातला की चाकाचा दांडा अठरा टक्के लांबला. गाडी पूर्वीइतकीच थांबवायची तर हबवर ब्रेकचा पीळ तेवढा जास्त हवा.

सगळ्यात घातक मात्र पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी. ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि मागची चाकं हलकी होतात. मागचा अ‍ॅक्सल जड गाडीचा असला तर त्याचे व्हील सिलिंडर आणि ड्रम त्या जड गाडीच्या मापाचे असतात. आखूड जीपखाली ते आधी लॉक होतात आणि गाडीचं ढुंगण पुढे येतं. पावसात गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना हे झालं तर स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही. पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत. त्यासाठी मागच्या लाइनला दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह घालायचा आणि रिकाम्या ओल्या मैदानात हळू वेगात बघून तो बसवायचा. काही गाड्यांना वजन बघून मागचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह कंपनीतूनच येतो, त्याचा दांडा अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. गाडी चार इंच उचलली आणि दांडा तसाच ठेवला, तर व्हॉल्व्हला वाटतं मागे वजनच नाही, आणि मागचा ब्रेक मरतो.

पाइपांच्या जोडणीवर तर मला चीड येते. जुन्या जीपचे नट इंची, ३/८ला २४ आट्यांचे. नव्या अ‍ॅक्सलचे बहुतेक एम१० बाय १. एक साडेनऊ मिमीचा, दुसरा दहाचा. जोर लावला तर दोन-तीन आटे धरतात, टेप गुंडाळली की गळतीही दिसत नाही. पाइपाच्या तोंडाचा फ्लेअरही वेगळा असतो, एक आत दुमडलेला, दुसरा बुडबुड्यासारखा. हे जोड पंपाच्या नळाला चालतील, ब्रेकला नाहीत. अडॅप्टर लेथवर नीट निघतो, कामही फार नाही. होजचं तसंच. चासी जॅकवर उचलून चाकं पूर्ण लोंबू द्या, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा, होज ताणला किंवा टायरला घासला तर लांब घ्या. हे तपासायला पैसा लागत नाही.

आणि हँडब्रेक. जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) मागच्या तोंडावर, म्हणजे तो मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट धरतो, चाक नाही. गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) असताना चढावर एक मागचं चाक हवेत गेलं की ते उलटं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. ऑफ-रोडला चाक हवेत जाणं नेहमीचंच. अ‍ॅक्सल बदलताना चाकावरचा केबलवाला हँडब्रेक मिळत असेल तर तो सोडू नये. पोरं मात्र केबल कापून टाकतात, मध्ये येते म्हणून.

कायद्याचं मला माहीत आहे. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२, त्यावर जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आणि कलम १८२-अ मध्ये मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मला ते चूक वाटत नाही. पण गाड्या बांधल्या जातातच, आणि शर्यतीच्या खासगी जागेपर्यंत ट्रेलरवर न जाता रस्त्यानेच जातात. समोरून एसटी येते, दुचाकीवर बायको-पोरं घेऊन माणूस येतो. म्हणून आयोजकांना माझं सांगणं आहे, रोल केज आणि टो-हुक जसे बघता तसे स्टार्टच्या आधी ब्रेकही बघा. आणि परिवहन खात्याला विनंती आहे की चाकाचाकाचा ब्रेक मोजणारं रोलर यंत्र जिथे आहे तिथे कुणालाही फी भरून, दंडाची भीती न ठेवता, ब्रेक मोजून घेता यावा.

खर्चाची सबब मला सांगू नका. टँडेम मास्टर, बूस्टर, व्हॉल्व्ह, पाइप आणि डॉट ४ ऑइल हे सगळं मिळून पाच मड टायरांच्या खर्चाच्या लहानशा हिश्शात बसतं. मी आता मास्टरचा बोअर आणि व्हॉल्व्हचं उत्तर मिळाल्याशिवाय प्लेट कापत नाही. काहीजण चिडून दुसऱ्या लेथवर जातात आणि संध्याकाळपर्यंत प्लेट घेऊन घरी पोचतात. पुढच्या वेळी अशा गाडीचा फोटो छापाल तेव्हा तिच्या मालकाला तेवढे दोन प्रश्न आपणही विचारावेत.

आपला नियमित वाचक,
एक लेथवाला, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर