“बाई, आज निवांत झोपा” म्हणणाऱ्या साहेबांना

साहेब, सप्रेम नमस्कार.

नाव कुठं घालू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. पण पत्र मात्र उघडच लिहिणार. तक्रारी चारचौघांत करायच्या आणि आभार तेवढे कानात सांगायचे, हे मला पटत नाही.

आमच्या विश्रांतीगृहाच्या बांधकाम परवान्याचा कागद हातात पडून आज नववा दिवस. अजून मी तो पिशवीतून काढते, वाचते, घडी मोडू नये म्हणून जपून परत ठेवते. घरचे हसतात. हसू देत.

तुम्हाला आमच्या कामाची फाइल माहीत आहे, पण ते सुरू कसं झालं हे सांगायचं राहिलं. तीन वर्षांपूर्वी आषाढात ह्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. रात्री औषध आणायला खाली उतरले, तर जिन्यापाशी गगनबावड्याकडची एक म्हातारी खताच्या पोत्यावर बसलेली. पोरगा आत, ऑक्सिजनवर. पाऊस तिरका येत होता. ती दर थोड्या वेळानं भाकरीचं गठुडं भिंतीकडं सरकवायची आणि स्वतः भिजत राहायची. “मावशी, घरी जाऊन या की एक दिवस,” म्हटलं. तर म्हणाली, “जाऊन येऊस्तोवर पोरानं हाक मारली म्हंजे?”

त्या एका वाक्यावर आमच्या आठ खोल्या उभ्या राहतायत. रुग्णांच्या नातेवाइकांना पाठ टेकायला जागा, मोरी आणि दोन शेगड्यांचं स्वयंपाकघर, एवढंच. एक पैसा भाडं नाही. जागा एका आजींनी दिली. विटा भट्टीवाल्यांनी, खिडक्यांच्या जाळ्या उद्यमनगरातल्या एका कारखानदारानं. करवीर तालुक्यातल्या बायकांनी दहा दिवसांचं दूधबिल जसंच्या तसं आणून दिलं. गवंडी म्हणाले, बाई, आठवड्यातला एक दिवस आमचा.

आणि मग बांधकाम परवान्याच्या फीचा आकडा आला. सव्वादोन लाख. आमच्या वहीत त्या दिवशी शिल्लक होती एक लाख साठ हजार.

कुठलं कार्यालय, कुठलं टेबल, ते लिहीत नाही. तुमच्या आधी त्या खुर्चीवर जे होते त्यांच्याकडं मी अकरा वेळा गेले. सदुसष्ट वर्षांची बाई, गुडघे धरून जिना चढायची. त्यांनी एकदाही बसा म्हटलं नाही. आमचं विश्रांतीगृह त्यांनी ‘लॉजिंग’मध्ये धरलं होतं आणि व्यापारी दर लावला होता. मी सांगितलं, इथं कुणाकडून काही घ्यायचं नाही. ते मान वर न करता म्हणाले, “लोक झोपणार ना? मग लॉजिंगच.” छत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. पोरगं चुकलं की वही परत वाचायला सांगायची, ही माझी सवय. त्या माणसाला आमचा नकाशा एकदा नीट वाचावासा वाटला नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही बदलून आलात आणि पहिल्यांदा खुर्ची पुढं केलीत. नकाशाच्या आधी देणग्यांची वही मागितलीत. पान न् पान वाचलंत. ‘निनावी, तांदूळ अकरा किलो’ या ओळीवर बोट ठेवून म्हणालात, “हे पण लिहिलंय?” मग नकाशा उलगडलात आणि स्वतःशीच बोललात, “यात लॉज कुठाय?” पुढं टिपणी कशी गेली, कुणाच्या सह्या झाल्या, ते सांगत बसत नाही. रक्कम निम्म्याहून खाली आली. तुम्ही स्पष्ट सांगितलंत, “उरलेली माफ करायचा अधिकार मला नाही. चुकीचं लागलेलं काढायचा आहे, तेवढं मी काढतो.” ते मला आवडलं. खोटी आशा तुम्ही दाखवली नाहीत.

पण साहेब, पत्र लिहायला बसले ते यासाठीही नाही.

त्या शुक्रवारी सही झाली, पण कागद सोमवारी मिळणार होता. आम्हाला काहीच माहीत नव्हतं. रात्री मी भाकऱ्या थापत होते, हात पिठाचे. नातवानं फोन कानाला लावला. तुम्ही म्हणालात, “बाई, झालं काम. कागद सोमवारी न्या. पण दोन दिवस कशाला घोर लावून घेताय, म्हणून फोन केला. आज निवांत झोपा.” तवा करपला. मी तशीच उभी. तीन वर्षांत आम्ही झोपतोय का, हे कुणी विचारलं नव्हतं. त्या फोनसाठी कुठलाही नियम नव्हता, तो केला नसता तर कुणी जाब विचारला नसता. देणग्यांच्या वहीत त्या तारखेला मी लिहून ठेवलंय: रात्री 8.40, एक फोन.

तुमच्यामुळं एक प्रश्न मात्र डोक्यात बसलाय आणि तो मी आता सगळ्यांना विचारणार आहे. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणं सरकारनं स्वतः इमारत बांधली तर तिला विकास शुल्क, म्हणजे बांधकामाला परवानगी देताना घेतात ती रक्कम, लागत नाही. 1949 चा महानगरपालिका कायदा केवळ धर्मादाय कामाला वापरल्या जाणाऱ्या इमारतीला मालमत्ता करातल्या सर्वसाधारण करातून सूट देतो. म्हणजे इमारत उभी राहिली की तिचं काम लोकांचं ठरतं. मग ती उभी राहताना, वीट न् वीट दानाची असताना, तिजोरीनं हात का पुढं करावा? दूधवालीनं दिलेला रुपया म्हातारीच्या छपराला जायचा, तो फीच्या चलनात गेला.

सगळंच माफ करा असं मी म्हणत नाही. बांधकाम कामगारांसाठीचा एक टक्का उपकर आम्ही आनंदानं भरला, तो गवंड्यांच्या लेकरांचा आहे. तपासणीत तर एक इंचाची सवलत नको, आजारी माणसाची माणसं तिथं झोपणार आहेत. ट्रस्टची पाटी लावून मंगल कार्यालयं चालवणारेही मी बघितलेत. त्यांच्यासाठी अट घाला: वापर बदलला, भाडं घेतलं, की माफ केलेली फी व्याजासकट वसूल. पण त्यांच्या भीतीनं खऱ्यांना का अडवायचं?

आणि हे कोल्हापुरात मागायला तर संकोच वाटायचं कारण नाही. दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहून भोवती बघावं. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. लोक पुढं आले की महाराज जागा देत, मदत देत. माझे आजोबा बोर्डिंगात राहून फायनल झाले, म्हणून माझ्या वडिलांच्या हातात पुस्तक आलं आणि मी मास्तरीण झाले. त्या वेळी त्या दारात कुणी आधी पावती फाडली असती, तर मी कुठं असते?

चांगली माणसं कार्यालयांत असतात, साहेब. गर्दीत ती दिसत नाहीत, कारण ती ओरडत नाहीत, खुर्चीही आपटत नाहीत. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं आज अशा टेबलांमागं बसलेली असतील. त्यांनी हे वाचावं असं फार वाटतं.

जोत्याचं काम सुरू झालंय. स्लॅबच्या दिवशी सगळ्या कामगारांना जेवण आहे, पिठलं-भाकरी, ठेचा आणि शिरा. वहिनींना आणि मुलांना घेऊन या. त्या म्हातारीचा पत्ता आम्ही शोधतोय. गावाचं नाव आठवतंय, आडनाव नाही. सापडली तर पहिली खोली तिच्या हातानं उघडायची आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर