पाळणाघराच्या मावशींना काय द्यायचं

प्रिय सोनू,

काल फोनवर तू म्हणालीस ना की चिकूचं पाळणाघर या महिन्याअखेर बंद, जूनपासून शाळा, आणि तिथल्या सगळ्यांना काहीतरी द्यायचंय पण दोन हजाराच्या वर जायचं नाही, तेव्हा मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या म्हणून मी नुसतं हो हो केलं. रात्री झोप येईना मग म्हटलं सरळ लिहूनच पाठवते.

आधी ते कॉफीमगाचं डोक्यातून काढ. चिकूचा फोटो छापलेला मग कितीही गोड दिसला तरी त्या बायकांच्या घरी असे दहा मग असणार, दरवर्षी पोरं सोडून जातात आणि दरवर्षी कोणीतरी मग देतंच. शोपीस पण नको, फोटोफ्रेम नको, अत्तर नको. साडी द्यावी तर दोन हजारात सहा साड्या कशा बसणार, आणि ब्लाउजपीस तर या हळदीकुंकवातून त्या हळदीकुंकवात फिरतच राहतात, माझ्याच कपाटात बघ किती पडलेत.

तुला आठवत नसेल, तू तीन वर्षांची असताना मी शाळेत नोकरीला होते आणि तुला आपल्या गल्लीच्या टोकाला एका बाईंकडे ठेवायचे. सोडताना त्या बाईंना मी छान साडी नेसवली, ओटी भरली, सगळं केलं. पण तिथं एक मावशी होती, तुझी शी शू तीच काढायची, तुला ताप असला की दुपारभर खांद्यावर घेऊन फिरायची, तिच्या हातात मी पेढ्यांच्या पुड्यातले दोन पेढे ठेवले आणि निघाले. ती काही बोलली नाही गं. तुला जवळ घेतलं आणि आत गेली. नंतर बाजारात दोनतीनदा दिसली तेव्हा मीच रस्ता बदलला, लाज वाटायची. म्हणून सांगते, पाळणाघरवाल्या काकूंच्या हातात सगळ्यांची मिळून एक पिशवी देऊन मोकळी होऊ नकोस, प्रत्येकीला वेगळं दे आणि वस्तू सगळ्यांना सारखीच दे, काकूंना भारी आणि मावशींना हलकं असं नको. व्हॅनवाले काका धरून सहा जण होतात ना?

आता माझं डोकं असं चाललंय की इथून सोलापुरी टॉवेल घेते, जाड टर्किशचे, दोनशेच्या आसपास एक पडतो, म्हणजे बाराशे. चादर बसणार नाही बजेटमधे. आणि तिकडे रस्त्यावर सोलापुरी म्हणून विकतात ते घेऊ नकोस, बरेचदा पानिपतचा माल निघतो, नावाला जीआय टॅग, म्हणजे मूळ गावच्या मालाची सरकारी खूण, असून काय उपयोग घेणाऱ्याला कळत नसेल तर. टॉवेलसोबत प्रत्येकी पाव किलो शेंगाचटणी, सगळी मिळून साडेचारशेच्या आत बसेल. चटणी महिनाभर टिकते, डब्याला होते, आणि मिठाईसारखी त्याच दिवशी घरभर वाटून संपत नाही.

उरले साडेतीनशे. त्यातून दोन्ही मावशींना एकशे एक्कावन्नची पाकिटं, ती रुपयाचं नाणं चिकटवलेली असतात ती, बाजूला बोलावून दे, सगळ्यांसमोर नको. तुझे बाबा म्हणतात पैसे दिले की टिप दिल्यासारखं वाटतं. वाटू दे. जूनमधे त्यांच्या पण पोरांच्या वह्या छत्र्या असतात.

आणि एक काम तुझं. चिकूचे त्यांच्याबरोबरचे फोटो असतील ना तुझ्या फोनमधे, ते कागदावर प्रिंट करून घे, एकेक कॉपी, फार पैसे पडत नाहीत. फोनमधे सगळ्यांकडे फोटो असतो, कागदावर कोणाकडे नसतो. मागे दोन ओळी लिही पण "थँक्यू फॉर एव्हरीथिंग" टाईप नको, चिकू वरणभात कोणामुळे खायला लागला, रडायचा तेव्हा कोण गॅलरीत कबुतरं दाखवायला न्यायचं, असं नेमकं लिही. मावशींना वाचता येत नसेल तर तूच वाचून दाखव.

शेवटच्या दिवशी देऊ नकोस बरं का, त्या दिवशी तू ऑफिसातून धावत येणार, चिकू भोकाड पसरणार आणि नेमकी एका मावशीची सुट्टी असणार. दोन दिवस आधी दे. (ऑफिसवरून आठवलं, पन्नास किंवा जास्त माणसं असली की कंपनीनं पाळणाघराची सोय करायची असा कायदा 2017 पासून आहे म्हणे, तुमच्याकडे कोणी विचारलं का कधी? दुसरं बाळ असलं तर विचार. बरं बरं, चिडू नकोस.)

बाबा पुढच्या रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं येतायत, त्यांच्याबरोबर सगळं पाठवते, कडक भाकरी पण टाकते तुमच्यासाठी. फक्त कोणाला तिखट चालत नाही का ते विचारून ठेव, चटणी जरा झणझणीत असते, आणि शनिवारच्या आत कळव म्हणजे त्या दिवशीच नव्या पेठेत जाऊन येईन. व्हॅनवाल्या काकांना फिका रंग नको घेऊ ना? दोन धुण्यात काळा होईल.

तुझी,
आई

ता.क. पैसे जीपे करू नकोस, टॉवेल माझ्याकडून. मला त्या मावशीचं राहिलंय.