नाट्यगृह उभे राहील, पण तारखा कोणाला?

महोदय,

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन केशवरावांच्या जयंतीला, कोल्हापूरकरांना जळालेल्या भिंतींसमोर उभे राहावे लागले. त्यानंतर या वास्तूच्या पुनर्बांधणीविषयी पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले. निधी किती लागेल, मूळचे दगडी रूप टिकेल का, छप्पर कसे असावे, हे सगळे प्रश्न रास्तच आहेत. मात्र ज्या एका प्रश्नावर या शहरातील नाटकाचे भवितव्य अवलंबून आहे, त्याची वाच्यता फारशी कोणी केलेली दिसत नाही. या नाट्यगृहाच्या तारखा यापुढे कोणाला, कोणत्या दराने आणि कोणत्या क्रमाने मिळणार, हा तो प्रश्न. नाटक पाहणारी एक सामान्य प्रेक्षक म्हणून मला त्याविषयी लिहावेसे वाटते.

राजर्षी शाहू महाराजांनी खासबागचे कुस्ती मैदान आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभे केले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण महाराजांनी पैलवानांना आखाडा बांधून दिला तशी त्यांच्या खुराकाचीही सोय केली होती, म्हणून कोल्हापुरात कुस्ती वाढली. नाटक करणाऱ्या हौशी संस्थेचा खुराक म्हणजे तारीख. नेमकी तीच तिला मिळत नाही.

बाहेरून येणाऱ्या नाटकांचे गणित वेगळे आहे. मुंबई-पुण्याची निर्मितीसंस्था एकट्या कोल्हापूरसाठी सहसा निघत नाही. नेपथ्याचा ट्रक, कलाकारांची बस, मुक्काम आणि जाहिरात हा खर्च एका प्रयोगात निघत नसल्याने सांगली, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर असा दौरा जुळवावा लागतो आणि त्यात कोल्हापूरचे मोठे नाट्यगृह हा मुख्य आधार असतो. तो आधार गेल्यावर नुकसान एकट्या कोल्हापूरचे होत नाही, साऱ्या दौऱ्याचेच गणित विस्कटते. मोठे नाट्यगृह सुरू झाले की ही नाटके पुन्हा येतील, कारण त्यांच्यामागे प्रयोग लावणारे ठेकेदार आहेत, जाहिरात आहे आणि दूरचित्रवाणीवरील ओळखीचे चेहरे आहेत. त्यांची मला फारशी चिंता वाटत नाही.

चिंता आहे ती इथल्या नाटकाची. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आपल्या केंद्रावर दर वर्षी अनेक संघ उतरतात. बँकेत, शाळेत, कारखान्यात, दुकानात दिवसभर काम करणारी ही माणसे कुणाच्या तरी घराच्या गच्चीवर किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गात महिनोन्‌महिने रात्री तालमी करतात, पदरचे पैसे घालून नेपथ्य उभे करतात आणि स्पर्धेत एकच प्रयोग करतात. अंतिम फेरी गाठली तर आणखी एक, नाहीतर तिथेच ते नाटक संपते. पहिल्या प्रयोगात गडबडलेली प्रकाशयोजना दुसऱ्या वेळी सुधारेल, पहिल्या दिवशी आवाज चढवून बोलणारी एखादी मुलगी पाचव्या प्रयोगात शांतपणे बोलायला शिकेल, ही संधीच त्यांना मिळत नाही. नट प्रेक्षकांसमोर पुन्हा पुन्हा उभा राहूनच घडतो आणि प्रेक्षकही तसाच घडतो. ज्या नाटकाबद्दल शेजारी सांगतो की फार चांगले झाले, ते आपल्याला कधीच पाहायला मिळत नसेल, तर आपण पुढच्या नाटकाला तरी का जावे?

या शहरात ताकद नाही असे मुळीच नाही. विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेला ‘राजा लिअर’ कोल्हापूरच्या ‘प्रत्यय’ या नाट्यसंस्थेने रंगभूमीवर उभा केला. शेक्सपिअरचे ते अवाढव्य नाटक या शहरातील हौशी मंडळींनी पेलले, हे उदाहरण आजच्या प्रत्येक तरुण संघासमोर असायला हवे.

जागेअभावी होणारे हाल मी स्वतः पाहिले आहेत. शहरातील एका सभागृहात झालेल्या प्रयोगाला पंखे चालू ठेवले की संवाद ऐकू येत नव्हते आणि बंद केले की प्रेक्षक घामाने हैराण होत होते. पडदा पडल्यानंतर कलाकारांच्या चेहऱ्यावरचा रंगही उतरला नव्हता, तोच दुसऱ्या दिवशीच्या सत्काराचा फलक लावणारी माणसे शिडी घेऊन रंगमंचावर चढली. नेपथ्यातील दाराची चौकट सोडवण्यासाठी मुलांनी थोडा वेळ मागितला, तो नाकारला गेला. अखेर ती चौकट मोडूनच बाहेर काढावी लागली. सत्कार आणि वाढदिवस साजरे व्हावेत, त्याला माझी हरकत नाही. ते कुठेही साजरे होऊ शकतात. नाटकाला मात्र विंग, प्रकाशयोजनेची सोय आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणारे सभागृह लागते, आणि तशी जागा शहरात मोजकी असताना तिचा पहिला हक्क नाटकाचा असला पाहिजे.

म्हणून महापालिकेला माझी विनंती आहे की, पुनर्बांधणीबरोबरच तारखांच्या वाटपाची नियमावली तयार करून ती नागरिकांसमोर ठेवावी. दर महिन्याचे किमान दोन शनिवार किंवा रविवार स्थानिक संस्थांच्या नाटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावेत आणि एकदा दिलेली तारीख राजकीय मेळाव्यासाठी काढून घेतली जाणार नाही, अशी स्पष्ट तरतूद करावी. स्पर्धेत उल्लेखनीय ठरलेल्या नाटकांना त्याच वर्षी पुढील काही प्रयोगांसाठी तारखा द्याव्यात. रंगीत तालमीसाठी प्रयोगाच्या आदल्या रात्री रंगमंच उपलब्ध असावा, कारण दिवे कुठे टांगायचे हे संघाला प्रयोगाच्या दिवशी दुपारी प्रथमच कळत असेल, तर प्रयोग बरा होणार कसा? शे-दीडशे प्रेक्षकांचा एक छोटा रंगमंच याच परिसरात किंवा शहरात अन्यत्र झाला, तर मोठ्या सभागृहाचे भाडे न परवडणाऱ्या संस्थांना आपले नाटक महिनाभर चालवता येईल.

प्रेक्षकांनीही आपला वाटा उचलायला हवा. स्थानिक नाटक म्हटले की अनेकजण फुकट पासची अपेक्षा करतात. ओळखीच्या मुलाचे नाटक असले तरी तिकीटबारीवर जाऊन तिकीट काढावे, कारण त्या पैशातूनच पुढच्या प्रयोगाचे भाडे भरले जाते.

– एक नाट्यरसिक, कोल्हापूर