रणगाड्याच्या प्रतिकृतीवर धूळ कुठली असावी?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रतिकृतींच्या छंदाविषयी आलेला लेख मनापासून आवडला. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमाने, जहाजे आणि रणगाडे घडवणाऱ्या मंडळींची दखल मराठी वृत्तपत्रांतून क्वचितच घेतली जाते, त्यामुळे या लेखाबद्दल आपले आभार मानतो. मात्र प्रतिकृती जितकी गंजलेली, चिखलाने माखलेली आणि रंगाचे पोपडे उडालेली, तितकी ती अस्सल, असा जो समज त्या लेखातून आणि त्यासोबतच्या छायाचित्रातून वाचकांपर्यंत पोचला, त्याविषयी लिहिणे भाग आहे. छायाचित्रातला रणगाडा सेंच्युरियन होता, त्याखाली १९७१ च्या युद्धाचा उल्लेख होता, आणि त्याच्या बाजूंवरून नारिंगी गंजाचे ओघळ आले होते. गेली बावीस वर्षे मी हा छंद करतो आहे आणि त्यातली बहुतेक वर्षे भारतीय चिलखती दलाचेच रणगाडे करण्यात गेली आहेत. त्या अनुभवाने सांगतो, की युद्धातला रणगाडा असा दिसत नाही.

बसंतरच्या लढाईचेच उदाहरण घेऊ. १५ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी पंजाबातल्या शकरगड भागात आपल्या पायदळाने बसंतर नदीपलीकडे पाय रोवले. पलीकडे सुरुंगांचे रुंद पट्टे होते आणि ते पुरते साफ होण्याआधीच, लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग यांच्या नेतृत्वाखालील पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेंच्युरियन त्यातून पुढे गेले. १६ तारखेला जरपालजवळ जी रणगाड्यांची लढाई झाली, त्यात एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी आपला ‘फामागुस्ता’ हा रणगाडा पेटल्यावरही सोडला नाही, कारण त्याची तोफ अजून चालत होती. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. १७ तारखेच्या रात्री आठ वाजता पश्चिम आघाडीवर युद्धविराम झाला. ही हकिगत बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. प्रतिकृती रंगवणाऱ्याने तिच्यातून काय उचलायचे, हा माझ्या पत्राचा विषय आहे.

पहिली गोष्ट काळाची. ऑक्टोबरपासून सैन्य सीमेकडे सरकू लागले होते आणि युद्ध दोन आठवडे चालले. म्हणजे या रणगाड्यांच्या अंगावर जे काही चढले, ते दोन-तीन महिन्यांच्या धावपळीचे आणि त्यातही हिवाळ्याचे होते. रोज निगा राखल्या जाणाऱ्या गाडीच्या चिलखतावर एवढ्या दिवसांत गंजाचे ओघळ येत नाहीत. चिलखताचे पोलाद जाड असते, त्यावर अस्तर आणि रंगाचे थर असतात, आणि रंग खरवडला तरी दिसते ते बहुधा खालचे अस्तर किंवा आधीचा थर. ओघळणारा गंज भंगारात वर्षानुवर्षे पडलेल्या गाडीचा. सेंच्युरियनवर गंज दाखवायचाच असेल, तर मागच्या बाजूला, दोन्हीकडच्या ट्रॅकवरील (चाकांभोवतीच्या पोलादी साखळीपट्ट्यांवरील) पत्र्यांवर बसवलेल्या सायलेन्सरवर दाखवावा, कारण तिथे उष्णतेने रंग जळून जातो आणि उघडा पत्रा तांबूस होतो.

ट्रॅकची गोष्ट वेगळी आहे. सेंच्युरियनचे ट्रॅक मँगनीजच्या पोलादाचे. चालत्या गाडीत जमिनीला घासणाऱ्या कडा आणि मागच्या दातेरी चाकाचे दात लख्ख होतात, तर खाचांमध्ये माती बसून राहते. पंजाबातल्या डिसेंबरच्या धुक्यात आणि दवात रात्रभर गाडी उभी राहिली, की त्यावर पातळ तपकिरी साय धरते आणि सकाळी पाचशे मीटर चालल्यावर ती निघून जाते. मी आधी ट्रॅकला काळपट तपकिरी रंग देतो, खाचांत माती बसवतो, आणि उंच कडांवर ६बी पेन्सिलीचे शिसे बोटाने घासतो. चांदीच्या रंगाने जी भडक चमक येते, ती शिशाने येत नाही, आणि पोलादाचा तो थंड, करडा उजळपणा मात्र हुबेहूब उतरतो.

दुसरी गोष्ट मातीची, आणि मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते ते हिच्याविषयी. आपण मराठी माणसे दिवाळीत अंगणात किल्ला करतो, त्यामुळे मातीचे रंग आपल्या हातांना लहानपणापासून कळतात. नगरकडची काळी, कोकणातली लाल, आणि वाईकडची या दोहोंमधली. परंतु शकरगडची माती यांतली कुठलीच नाही. ती रावीच्या खोऱ्यातली गाळाची, वाळली की फिकट, करडेपणाकडे झुकणारी भुरकट माती आहे. १९७१ चा सेंच्युरियन लाल धुळीने माखलेला पाहिला, की ती धूळ रत्नागिरीची असल्याचे लगेच लक्षात येते. हाच नियम लोंगेवालाच्या देखाव्यालाही लावायला हवा, तिथली धूळ थरच्या वाळवंटातली, पिवळसर आणि मोकळी असते. परदेशी बाटल्यांतून मिळणारी रंगीत पूड बहुतांशी युरोपातल्या रशियन किंवा जर्मन रणभूमीचा विचार करून बनवलेली असते आणि महागही असते. मी घरीच करतो. वाळलेली शाडू खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करायची आणि तिच्यात चिमूटभर पिवडी मिसळायची, की शकरगडच्या धुळीच्या अगदी जवळचा रंग मिळतो. शाडूत गेरू मिसळला तर कोकणाकडे जायला होते आणि काजळी मिसळली तर सायलेन्सरच्या तोंडाशी वापरता येते.

वस्त्रगाळ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. आपली प्रतिकृती एकास पस्तीस प्रमाणातली असते. म्हणजे जवळजवळ साडेसात मीटर लांबीचे धड साडेएकवीस सेंटीमीटरांत येते. त्याच हिशेबाने, अंगणातून उचललेल्या मातीतला पाव मिलिमीटरचा कण प्रतिकृतीवर पावणेनऊ मिलिमीटरची खडी होऊन बसतो. ब्रशने काढलेला एक मिलिमीटर रुंदीचा ओरखडा खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटीमीटरांचा झाला असता. दुकानातल्या मॉडेलवर धूळ म्हणून जे दिसते, ते बऱ्याचदा या हिशेबाने ढेकळे असतात. रंगाच्या छटेलाही हा हिशेब लागतो. तीस सेंटीमीटरांवरून प्रतिकृती पाहणे म्हणजे साडेदहा मीटरांवरून खरी गाडी पाहणे होय, आणि एवढ्या अंतरावरून हिरवा रंग किंचित फिका भासतो. म्हणून खऱ्या रंगाच्या डब्यातलाच रंग लावला, तर प्रतिकृती काळवंडलेली वाटते. मूळ हिरव्यात थोडा पिवळसर पांढरा मिसळणे, हा यावरचा उपाय.

तिसरी गोष्ट क्रमाची. नदी ओलांडताना चाकांना आणि खालच्या भागाला ओला चिखल लागला असणार आणि दिवसभरात वरचा चिखल वाळून फिका झाला असणार. सकाळपासून शेतांतून धावताना उडालेली धूळ मग त्या चिखलावर बसली. ओला, मग वाळलेला, मग त्यावर धूळ, याच क्रमाने मीही थर देतो. टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटावर, मात्र चिखल नसतो, तिथे फक्त धूळ असते, आणि तीही सपाट जागी जास्त, उभ्या जागी कमी. छायाचित्रातल्या प्रतिकृतीच्या तोफेच्या नळीवर चिखल होता. तो तिथे कसा चढला असावा, असा प्रश्न रंगवणाऱ्याने स्वतःला विचारला असता, तर बहुधा तो लावला गेला नसता.

प्रत्यक्ष रंगकामाविषयी थोडक्यात लिहितो, कारण वाचकांतले काही जण नव्याने सुरुवात करणारे असतील. अस्तरावर अॅक्रिलिकचा हिरवा रंग पातळ करून, एअरब्रशने दोन-तीन विरळ हातांत द्यावा. चिन्हे चिकटवण्याआधी चकचकीत व्हार्निश हवे, नाहीतर डिकलच्या (चिकटवायच्या चिन्हाच्या) कडेला हवा अडकून पांढुरके डाग राहतात. मग येतो वॉश, म्हणजे खाचाखोचांत उतरवायचा पातळ रंग. कॅम्लिनच्या तैलरंगातला बर्न्ट अंबर पुठ्ठ्यावर अर्धा तास काढून ठेवला, की त्यातले जवसाचे तेल पुठ्ठा पितो आणि रंग वाळल्यावर चमकत नाही. तो टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून शून्य नंबरच्या ब्रशाच्या टोकाने झाकणांच्या बिजागऱ्यांशी, बोल्टांच्या भोवती, वेल्डिंगच्या कडेला टेकवावा. तो आपोआप रेघेतून पुढे धावतो. पंधरा-वीस मिनिटांनी टर्पेंटाइनने जेमतेम ओला केलेला सपाट ब्रश वरून खाली, पाऊस ओघळेल तसा, ओढावा. चाकांच्या आसांभोवती टर्पेंटाइन साचू देऊ नये, ताणाखालचे प्लास्टिक त्याने ठिसूळ होऊन तडकते. तीन चाके मी अशीच गमावली आहेत. शेवटचे मॅट व्हार्निश पावसाळ्यात फवारू नये. दमट हवेत ते दुधासारखे पांढरे होते, आणि जुलै महिन्यात साताऱ्यात महिनाभराच्या कामावर चढलेला तो पांढरा पडदा मी अजून विसरलेलो नाही.

चौकांतल्या चबुतऱ्यांवर ठेवलेले रणगाडे पाहून प्रतिकृती रंगवणाऱ्यांसाठीही दोन शब्द. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) इथले कॅव्हलरी टँक म्युझियम प्रत्येक छंदिष्टाने पाहावेच. १९९४ पासूनच्या या संग्रहालयात रणगाड्यांची मापे, बोल्टांच्या जागा, ट्रॅकची जाडी हे सारे हाताच्या अंतरावर पाहता येते. परंतु जतनासाठी उघड्यावर ठेवलेल्या कोणत्याही गाडीला पुनःपुन्हा रंगवावेच लागते. तिचा रंग जतनाचा असतो, आणि १९७१ चा रंग त्यावर शोधणे चुकीचे ठरेल. आकारासाठी संग्रहालय आणि त्या वेळचे रूप शोधण्यासाठी जुनी छायाचित्रे, अशी विभागणी मी करतो. त्यातही बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांतून रंग कळत नसला, तरी धूळ कुठे बसली, माणसे कुठून चढली, चाकांच्या मध्ये काय अडकले, हे स्पष्ट दिसते.

इतके करूनही छायाचित्रांतून न कळणाऱ्या गोष्टी उरतात. चार वर्षांपूर्वी मी सेंच्युरियन पूर्ण केला आणि आमच्याच गल्लीत राहणाऱ्या, ईएमईतून (लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागातून) निवृत्त झालेल्या एका हवालदारांना दाखवायला नेला. सेंच्युरियनची दुरुस्ती करण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. त्यांनी तो तळहातावर घेतला, खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग इंजिनावरच्या झाकणापाशी करंगळी नेऊन म्हणाले, “इंधन सांडल्याचे हे काळे डाग कशासाठी? ही पेट्रोलची गाडी. पेट्रोल सांडलं की उडून जातं आणि जाताना धूळ धुऊन नेतं. काळं होतं ते इंजिन ऑइलने, आणि ते इथं नाही, इथं.” त्यांची करंगळी बोटभर मागे सरकली. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. सेंच्युरियनमध्ये रोल्स-रॉइस मिटिऑर हे पेट्रोलवर चालणारे बारा सिलिंडरांचे इंजिन असते, हे मला वाचून ठाऊक होते, तरीही डिझेलच्या टी-५५ रणगाड्यावर टाकायचे तसले डाग मी सवयीने त्यावर टाकले होते. नंतर त्यांनी मला दाखवले, की बाजूच्या पत्र्यांमुळे मधून पाय ठेवायला जागा नसल्याने त्यांच्या वर्कशॉपमधली माणसे समोरून चढायची. त्यामुळे पुढच्या उतरत्या चिलखतावर, दिव्यांच्या बाजूला, बुटांनी घासून रंग तुळतुळीत झालेला असायचा. ती झिलई मी त्याच रात्री केली. काळे डाग खरवडून त्या जागी धूळ पुसली गेल्याची फिकट वर्तुळे काढली.

म्हणूनच आपल्याला एक विनंती आहे. १९७१ मध्ये वीस वर्षांचा असलेला जवान आज पंचाहत्तरीत आहे. सातारा, कोल्हापूर, नगर आणि पुणे जिल्ह्यांत चिलखती दलात किंवा त्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केलेली अशी माणसे गावोगाव आहेत. त्यांच्या शौर्याविषयी आपण विचारतो आणि ते योग्यच आहे. परंतु गाडी सकाळी सुरू करताना हाताला काय लागायचे, ट्रॅकमधली माती कशाने खरवडायचे, हिरवा रंग उन्हाने किती विटायचा, हे त्यांना कोणी विचारत नाही, आणि हे कोणत्याही दप्तरात लिहिलेले सापडत नाही. येत्या विजय दिनाच्या पुरवणीत आपण अशा वाचकांना आवाहन करावे, त्यांच्या आठवणी आणि ट्रंकेत पडून असलेले फोटो मागवावेत. फोटोच्या मागे ठिकाण आणि महिना लिहिलेला असेल, तर तो मजकूरही छापावा. रंगीत फोटो असल्यास तो कृष्णधवल करून छापू नये, ही आग्रहाची विनंती. आमच्या गल्लीतल्या त्या हवालदारांकडे असे दोन फोटो आहेत आणि ते द्यायची त्यांची तयारी आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
रणगाड्यांच्या प्रतिकृती करणारा एक वाचक, सातारा