खालच्या तुकड्यातली बाग काढू नका

सातारा, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "खालच्या तुकड्यातली द्राक्षबाग काढू, पॉलिहाऊस टाकू, ऑर्किडची रोपं तूच दे." मी हसून विषय बदलला. आईला ते लागलं असणार. फळछाटणी तोंडावर आली, म्हणून आज सगळंच लिहिते.

ऑर्किडच्या एका शेंगेत लाखो बिया असतात, पण तपकिरीसारख्या बारीक, फुंकरीनं उडतील अशा. ज्वारीच्या दाण्यात कोंबाची शिदोरी असते, तशी यांच्यात नसते. रानात एक बुरशी त्यांना पोसते. नडसन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९२२ साली दाखवलं, की बुरशीचं काम साखरेवरही भागतं. म्हणून आमच्या लॅबमध्ये आम्ही अगर (समुद्री शेवाळाची जेली), साखर आणि क्षार शिजवून बाटल्यांत ओततो आणि त्यावर बी पेरतो. कधी नारळपाणी घालतो, कधी कुस्करलेलं केळं. आई, त्या दिवशी लॅबभर शिकरणाचा वास सुटतो!

पण बियांची रोपं म्हणजे कोयीचे आंबे, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. हुकमी तेच फूल हवं असेल तर कोंबाच्या टोकाचा टाचणीच्या डोक्याहून लहान कण घ्यायचा. थॉमसन द्राक्षाला बी नाही म्हणून तुम्ही डोळे भरता, त्यातलाच प्रकार. त्या कणाचे हिरवे मणी होतात. ते कापायचे, लावायचे, पुन्हा मणी. मात्र लोभानं एकाच मूळ कणाचे मणी फार वेळा कापत राहिलं की काही रोपांची फुलं वेडीवाकडी निघतात, आणि ते कळतं फूल आल्यावरच. बी पेरल्यापासून पहिलं फूल बघायला तीनेक वर्षं सहज जातात.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. गेल्या वेळी घरी आले, त्या शुक्रवारी पाचची एसटी गाठायची म्हणून मी चिमटा दर बाटलीला ज्योतीवर धरला नाही. तुमच्याकडे पुरणपोळी खाऊन मंगळवारी परत बघते तर दीडशे बाटल्यांत कापूस पिंजल्यासारखी बुरशी. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातल्यावर आजी जशी बघायची, तशा सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या. झाकण न उघडता त्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे लॅबच्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, १२१ अंशांवर शिजवल्या आणि मीच धुतल्या.

बाटलीतून रोप बाहेर काढणं तर आणखी नाजूक. आत सगळीकडे दमट, त्यामुळे पानांवर मेणाचा थर नीट धरलेला नसतो. मुळांची जेली कोमट पाण्यानं धुवायची, नाहीतर उरलेल्या साखरेवर बुरशी चढते. मग काही आठवडे दमट सावलीत जपायचं.

आता आपलं रान आठवा. उन्हाळ्यात तासगावची झळ, आणि बोअरचं पाणी असं की ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. ऑर्किडला खारं पाणी चालत नाही, मुळंच जळतात. पॉलिहाऊस थंड ठेवायचं तर वीज आणि कर्ज दोन्ही आलं. द्राक्षं तुम्हाला डोळे मिटून कळतात, त्यांच्यावर कुऱ्हाड चालवू नका. मी दिलेल्या रोपांपायी तुम्ही कर्जात पडलात तर मला झोप लागायची नाही.

हौस मात्र जरूर करा. पुढच्या महिन्यात डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडची वीस रोपं आणते, त्यातल्या त्यात उष्णता सोसणारी. आंब्याखाली शेडनेट बांधा. आई, पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी पिंपात धरून ठेव. कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं जमवून ठेवा, माती अजिबात नको. आणि बाबा, "चिमूटभर टाकलं तर काय होतंय" म्हणून युरिया टाकायचा नाही. आई, लक्ष ठेव.

तुमची,
ताई