साचा न बसणाऱ्या कानांचं काय?

महोदय,

३ मार्चच्या जागतिक श्रवणदिनानिमित्त आपल्या पुरवणीतलं पान वाचलं. श्रवणयंत्र आहे, लहान मुलांच्या आतल्या कानात बसवायचं कॉक्लिअर इम्प्लांट आहे. माझ्यासारखीचा कान त्यात कुठेच नाही, म्हणून लिहिते.

मी कराडला ब्लाऊज शिवते. दोन्ही कान लहानपणापासून वाहायचे. घरात लसणाचं कोमट तेल सोडायचे, तेवढाच उपचार. उजव्या कानात सड हाडापर्यंत गेली. दोन ऑपरेशनं झाली, आवाज आत नेणाऱ्या तीन चिमुकल्या हाडांपैकी हातोडी आणि ऐरण काढावी लागली, रिकिबीचा नुसता तळ उरला. पुढे शिबिरात ऐकायचं मशीन मिळालं. पण त्याचा कानात घट्ट बसणारा साचा घातला की हवा कोंडायची आणि आठवड्याभरात कान परत वाहायचा. गिऱ्हाईक चौतीस म्हणायचं, मी छत्तीस कापायचे. भरपाई माझ्याच पदरची.

शेवटी पुण्यात एका डॉक्टरांनी नादकाटा, म्हणजे गुणगुणणारा धातूचा चिमटा, वाजवून कानासमोर धरला. अगदी पुसट. तोच कानामागच्या हाडावर टेकवला, तर गुणगुण थेट डोक्यात! म्हणजे ऐकण्याचा आतला शंखासारखा अवयव आणि नस शाबूत होती, मधली वाट मोडली होती. शिलाई मशीनच्या फळीवर हनुवटी टेकली की टीप स्पष्ट का ऐकू येते, ते मला त्या दिवशी उमगलं.

मग मध्यकर्णाचं इम्प्लांट झालं. कानामागे लोहचुंबकाने चिकटणारं यंत्र, कातडीखाली एक चकती, तिथून बारीक तार आणि तारेच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा कंपक. अशा कंपकाची पहिली शस्त्रक्रिया १९९६ मध्ये झुरिचला झाली. ज्यांनी हा कंपक शोधला ते अमेरिकन अभियंते जेफ्री बॉल स्वतः कमी ऐकू येणारे. माझा कंपक आतल्या कानाच्या गोल खिडकीवर, म्हणजे तिथल्या पातळ पडद्यावर, बसवलाय. कानाची नळी मोकळीच राहते, साचा नाही. एमआरआय करण्याआधी मात्र आठवणीने सांगावं लागतं.

विमा कंपनीने ‘हे श्रवणयंत्र आहे’ म्हणून दावा नाकारला. भूल देऊन, हाड कोरून बसवलेली वस्तू श्रवणयंत्र कशी? गावाकडचं अर्धा एकर विकून मी पैसे भरले. ज्यांच्याकडे तेही नाही त्यांनी काय करायचं? विम्यात आणि सरकारी योजनांत मोठ्या माणसांच्या या शस्त्रक्रियेला शस्त्रक्रिया म्हणून जागा द्यावी. आणि शिबिरात मशीन वाटण्याआधी हाडावरून ऐकू येतं का, एवढं तपासावंच. नादकाट्याला दोन मिनिटं लागतात. माझ्या हाडाला तो पहिल्यांदा टेकला तेव्हा मी ४७ वर्षांची होते.

— एक वाचक, कराड